ठराव पालिकेत, चावी मंत्रालयात

आपला नगरसेवक निवडून आला की वस्तीत गुलाल उधळतो. आमदारांच्या वाढदिवसाला त्याचा फोटो बॅनरवर झळकतो. पण वस्तीच्या प्रश्नाचा एक तरी कागद त्याने आमदाराच्या हाती दिला काय? ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील कार्यकर्त्यांनी हे विचारलेच पाहिजे. कारण महासभेने ठराव केला म्हणजे काम झाले असे नव्हे. महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ नुसार राज्य शासन तो ठराव विखंडित करू शकते.

महाड आठवा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केले, पण ते कागदावर. १९२६ मध्ये बोले पुन्हा उभे राहिले: जी पालिका ऐकणार नाही तिचे सरकारी अनुदान थांबवा! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा कौन्सिलच्या आणि पालिकेच्या ठरावांना अर्थ आला. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी पालिकेने आपला ठराव मागे घेतला, हेही विसरू नये.

अलीकडे काय घडले? कल्याण-डोंबिवलीतून २००२ मध्ये २७ गावे वगळली, २०१५ मध्ये परत घेतली, २०२० मध्ये त्यातली १८ पुन्हा वगळायला काढली. महापालिकेशी कायद्याप्रमाणे विचारविनिमय केला नाही म्हणून हायकोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये तो निर्णय रद्द केला. तोवर नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेची मुदतही संपली होती आणि प्रशासक बसला होता. ठाण्यातही मार्च २०२२ पासून तेच झाले. नगरसेवक नव्हते म्हणजे विधान परिषदेच्या स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाला पुरेसे मतदार नव्हते. परिषदेच्या ७८ पैकी २२ जागा अशा आहेत. ठाण्याची जागा जून २०२२ मध्ये रिकामी झाली, तेव्हा पोटनिवडणूक सोडाच, नियमित निवडणूकही झाली नाही. लोकांच्या वतीने सभागृहात बोलणारा एक आवाज असा गप्प झाला, आणि आपल्यापैकी किती जणांना त्याची खबर होती?

म्हणून नुसते निवेदन देऊन फोटो काढू नका. अधिवेशनापूर्वी ठरावाचा क्रमांक, तारीख, मंत्रालयात फाइल कोणत्या विभागात अडली आहे, हे लिहून द्या. त्यावरून तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी तयार होते. मंत्र्याने सभागृहात "करू" म्हटले की त्याचा पाठपुरावा आश्वासन समितीकडे जातो. आमदार आपल्या पक्षाचा नाही, ही सबब चालणार नाही. मते त्यालाही आपल्याच वस्तीतून हवी असतात.

अनुसूचित जाती कल्याण समितीचे सदस्य आमदारच असतात. नोकरीतला अनुशेष, सफाई कामगारांच्या वारसांच्या नेमणुका, दलित वस्ती निधीचा खर्च, हे सारे ही समिती अधिकाऱ्यांना विचारू शकते. तिचा दौरा लागला की पालिकेचे अधिकारी आपला अहवाल तयार करतातच. नगरसेवकाने आणि कामगार संघटनेने आपला वेगळा अहवाल त्याआधीच सदस्यांच्या हाती द्यावा.