सिंहदर्शनाची यात्रा

ज्या घरांत संस्कृतचें पठण होतें, त्या घरांत सिंहाची ओळख शब्दांनीं पुष्कळ आणि डोळ्यांनीं थोडी, असाच प्रकार बहुधा आढळतो. पंचतंत्रांतील पिंगलक मुलांस ठाऊक असतो. नंदिनी धेनूवर झडप घालणारा रघुवंशांतील सिंह व सिंहशावकाचे दांत मोजूं पाहणारा शाकुंतलांतील सर्वदमन थोरांच्या परिचयाचे असतात. नवरात्रांत देवीचें वाहन म्हणून त्यास हातही जोडले जातात. परंतु एके काळीं इराणपासून गंगेच्या मैदानापर्यंत संचार करणारा हा मृगराज आज सौराष्ट्राखेरीज आशियाखंडांत कोठेंही मोकळा राहिलेला नाहीं, हें किती घरांत ठाऊक असेल?

मुलांनीं तो प्रत्यक्ष पाहावा, म्हणून गेल्या हिंवाळ्यांत आम्हीं जुनागढच्या सक्करबागेचा बेत केला. "भावोजी, एवढ्या खर्चांत एखादें तीर्थ नसतें का झालें?" असा आमच्या वहिनींचा आक्षेप होता. बांद्र्याहून सुटणारी गाडी जुनागढावरून पुढें वेरावळास, म्हणजे सोमनाथाच्या दारांतच जाते, हें कळतांच त्यांनीं सर्वांच्या आधीं सामान बांधलें. नाशिकरोडहून मुंबई व तेथून एक रात्र गाडींत, इतकाच काय तो प्रवास.

सक्करबाग हें प्राणिसंग्रहालय नबाबी अमदानींत १८६३ मध्यें स्थापन झालें. येथील सिंह पाहतांना दोन खुणा मुलांस अवश्य दाखवाव्या. आफ्रिकेंतील सिंहापेक्षां आपल्या सिंहाची आयाळ विरळ, त्यामुळें कान उघडे दिसतात. आणि पोटाखालीं कातडीची एक लांबट घडी लोंबत असते. आमचा धाकटा नातू बराच वेळ पाहत उभा होता. शेवटीं म्हणाला, "आजोबा, याचें रान तर जवळच आहे, मग याला येथें कां ठेवलें?"

प्रश्न रास्त होता. आम्हीं त्यास शेतकऱ्याचें उदाहरण दिलें. पीक शेतांत डोलत असलें, तरी शहाणा शेतकरी थोडें बियाणें कणगींत निराळें राखतो. कारण शेतावर टोळ केव्हां येईल याचा नेम नसतो. सक्करबागेंत सिंहांची पैदास केली जाते, ती याच हेतूनें. येथूनच २०२२ मध्यें एक जोडी आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत आली.

हा टोळाचा दृष्टांत केवळ अलंकार नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गीरमध्यें फारच थोडे सिंह उरले होते. शिकारीस आळा घालून जुनागढच्या नबाबांनीं ते राखले. १९३६ च्या गणनेंत २८७, १९६८ मध्यें अवघे १७७, २०२० मध्यें ६७४ आणि २०२५ मध्यें ८९१, असा हा चढउतार आहे. आंकडा सुखावह खरा. पण सर्व ठेव एकाच पेटींत आहे! २०१८ मध्यें कुत्र्यांत आढळणाऱ्या एका सांथीचा विषाणु गीरच्या पूर्वभागांत शिरला आणि थोड्याच आठवड्यांत वीसाहून अधिक सिंह दगावले. कांहीं सिंह मध्यप्रदेशांतील कुनोच्या वनांत वसवावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१३ मध्येंच दिला होता. तरी २०२५ च्या गणनेपर्यंत तेथें एकही सिंह गेला नव्हता. २०२२ मध्यें चित्ते मात्र आले. पोरबंदरजवळील बरडा डोंगरांत सिंह आपण होऊन पोंचले, ही आशेची गोष्ट. परंतु तीही सौराष्ट्रांतीलच.

जुनागढास गेलेल्यांनीं गिरनारच्या वाटेवरील शिलालेख चुकवूं नये. एकाच प्रस्तरावर अशोकाचे, रुद्रदामनाचे व स्कंदगुप्ताचे लेख आहेत. ज्या पश्चिमी क्षत्रपांचीं नांवें आपण नाशिकच्या पांडवलेण्यांत वाचतों, त्यांच्याच परंपरेंतील हा रुद्रदामन. त्याचा इसवी सन १५० च्या सुमाराचा लेख डौलदार संस्कृत गद्यांत आहे. अशोकाच्या लेखांत तर प्राण्यांची हत्या आवरण्याचा उपदेश आहे. त्याच अशोकाच्या सारनाथच्या स्तंभावरील सिंह १९५० पासून आपली राजमुद्रा झाले आहेत.

सक्करबाग बुधवारीं बंद असते, आणि गीरचें अरण्य १६ जून ते १५ ऑक्टोबर प्रवाशांस मिळत नाहीं. म्हणून हिंवाळाच सोयीचा. ज्यांस इतकें दूर जाणें शक्य नाहीं, त्यांनीं निदान बोरिवलीचा विचार करावा. मुद्रेवरचा सिंह दगडाचा आहे. तो अढळ राहील. जिवंत सिंहाची गोष्ट वेगळी आहे. त्याला एकाहून अधिक रानें हवींत, आणि तीं मिळावीं असें वाटणारीं माणसें घराघरांत हवींत. अशीं माणसें कोशांतील पर्यायशब्द पाठ करून तयार होत नाहींत. बालपणीं एकदां त्या पिंगट डोळ्यांशीं दृष्टादृष्ट व्हावी लागते.