बोंडअळीचा फोटो पुढच्या पानावर का पळतो?

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कुणी गुलाबी बोंडअळीवरचा प्रबंध मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात, लिहून पॅनडॉक या मजकुराचे रूप बदलणाऱ्या प्रोग्रामने त्याची पीडीएफ काढली, तर एक गंमत दिसेल. अळीचा फोटो परिच्छेदाखाली हवा असतो, तो जाऊन बसतो पुढच्या पानावर!

चित्राखालची ओळ असलेला फोटो परिच्छेदात एकटाच दिसला, की पॅनडॉक त्याला ‘आकृती’ ठरवून, पाने जुळवणाऱ्या लाटेक या प्रणालीच्या हवाली करते. लाटेकच्या लेखी आकृती तरंगती. मावेल तिथे ठेवायची. नियमही कडक: पानाच्या माथ्याला आकृत्यांना फार तर 70 टक्के उंची, तळाला 30 टक्के. शिवाय आकृत्यांचा क्रम मोडायचा नाही. त्यामुळे एक उंच फोटो अडला, की मागचे सगळे खोळंबतात.

आधी फोटोची रुंदी 60 टक्क्यांवर आणून पाहा. पुष्कळदा तेवढ्यावर भागते. हट्टच असेल, तर ‘फ्लोट’ पॅकेजमधला मोठ्या लिपीतला ‘एच’ फोटोला जागेवर खिळवतो. पण मग पानाच्या तळाशी पांढरी पोकळी उरते, आणि ती कुरूपच दिसते. त्यापेक्षा फोटो तरंगू द्या आणि मजकुरात ‘खालील फोटो’ऐवजी ‘आकृती 3 पाहा’ असे लिहा.