ओझ्याची सायकल

हनोईच्या लष्करी संग्रहालयात तोफा पाहून पाय दुखू लागल्यावरही ज्या एका वस्तूपाशी मी फार वेळ रेंगाळलो, ती एक साधी सायकल होती. हँडलाच्या एका टोकाला बांबू बांधून ते लांबविलेले, बसण्याच्या जागेमागे दुसरा बांबू उभा रोवलेला, आणि सांगाड्याच्या दोन्ही अंगांना पोती. लहानपणी ज्वारीचे पोते सायकलीवर टाकून गिरणीपर्यंत ढकलीत नेण्याचे काम माझ्याकडे असे. चढावर ओझे मागे खेचते, उतारावर पुढे धावते, आणि हँडल किंचित कलले की पोत्यासकट सारा संसार रस्त्यावर येतो, हे ज्याने भोगले आहे त्यालाच या दोन बांबूंचे मर्म कळावे. एक हात लांबूनच चाकाला दिशा देतो, दुसरा मागच्या बांबूने तोल राखून रेटा देतो, आणि माणूस पोत्यांना न अडखळता बाजूने चालू शकतो. ट्यूब फुटू नये म्हणून तिच्याभोवती जुन्या कपड्यांच्या चिंध्या गुंडाळीत.

नोव्हेंबर १९५३मध्ये फ्रेंचांनी व्हिएतनाममधील दिएन बिएन फूच्या खोऱ्यात ठाणे वसविले, ते या हिशेबाने की अशा डोंगराळ मुलखात त्यांच्याशी लढणाऱ्या व्हिएतनामी सैन्याचे सेनापती जनरल झाप यांच्या फौजेला जड तोफा व पुरेशी रसद पोहोचणे अशक्य. झाप यांच्याकडे ट्रक होते, पण थोडे. कावडीने माणूस वीस-पंचवीस किलो नेतो आणि लांबच्या वाटेवर त्यातलाच बराच तांदूळ स्वतः खातो. अशा सायकलीवर तोच माणूस दोनशे किलोंहून अधिक ढकलतो. आपल्याकडे मराठी फौजांची बारबरदारी लमाणांच्या बैलांवर चाले. पण बैलांना निदान चारापाणी तरी लागे! विमानांच्या भीतीने ही वाहतूक बहुधा रात्री होई, आणि वाट वरून दिसू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या झाडांचे शेंडे एकमेकांना बांधून छत केले जाई. अशा सुमारे वीस हजार सायकली या कामी लागल्या, आणि त्यांपैकी कित्येक फ्रान्सच्याच कारखान्यांत घडलेल्या होत्या.

७ मे १९५४ रोजी ठाणे पडले. श्रेय बहुधा तोफांना दिले जाते. माझ्या मते त्यातला मोठा वाटा या बांबूंचा आहे. हनोईला जाण्याचा योग आला, तर तोफा पाहून झाल्यावर वाचकांनी या सायकलीपाशी घटकाभर थांबावे.