मुगा पतंगाचे कूळ कसे शोधतात?

सोनेरी रंगाचे मुगा रेशीम देणारा पतंग फक्त ईशान्येकडील प्रदेशात आढळतो. विदर्भात ऐनाच्या झाडांवर टसरचे कोसे करणारा पतंग हा त्याचा जवळचा भाऊबंद. समजा, दोन डोंगरांवरून आणलेले दोन मुगा पतंग तुमच्यापुढे आहेत. रंग तोच, आकारही तोच. मग ते एकाच कुळातले की निराळे, हे कसे ओळखाल?

उत्तर त्यांच्या डीएनएत असते. डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांची लांबच लांब माळ. तिच्यात काही जागी दोन-चार अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, जसे, सीए-सीए-सीए. अशा जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. डीएनएची नक्कल होताना येथे क्वचित एखादे आवर्तन वाढते वा गळते. म्हणून एका पतंगात ती १२, तर दुसऱ्यात १५ असू शकतात. हीच कुळाची खूण!

ही खूण शोधण्याची एक रीत पाहा. डीएनएचे तुकडे करतात. सीए-सीएशी जोडी जमवणारे जीटी-जीटीचे धागे चुंबकीय मण्यांवर बसवून ते तुकड्यांत मिसळतात. लोहचुंबकाने मणी ओढले, की हवे ते तुकडे बरोबर येतात. मग त्यांचा अक्षरक्रम वाचतात आणि प्रत्येक पतंगातील नेमक्या त्याच जागेच्या प्रती काढतात. दर फेरीला प्रती दुप्पट होतात. ३० फेऱ्यांत एकीच्या सुमारे १०७ कोटी! गणित करून पाहा.

डीएनएवर ऋण विद्युतभार असतो. जेलमध्ये विद्युतदाब लावताच तो धन टोकाकडे सरकतो. आखूड तुकडे पुढे जातात, लांब मागे रेंगाळतात. त्यामुळे सहा अक्षरांचा फरकही टिपता येतो.

हैदराबादच्या संशोधकांनी मुगा पतंगाच्या अशा ८७ खुणांपैकी १३ निवडून सहा गटांतील ९७ पतंग तपासले. निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. पाच गट जवळजवळ सारखेच निघाले. बहुधा ते एकाच मूळ गटातून आले असावेत. मेघालयातील पश्चिम गारो टेकड्यांवरचा सहावा गट मात्र अगदी वेगळा व विविधतेने समृद्ध होता.

याचे महत्त्व काय? सारे पतंग एकसारखे असले, तर एखादा रोग साऱ्यांवरच घाला घालू शकतो. विविधता असेल, तर काही तग धरण्याची आशा असते. गारो टेकड्यांवरचे पतंग म्हणजे मुगा रेशमाचे राखीव बियाणेच. ते जपायचे, तर आधी ते वेगळे आहे हे ओळखता यायला हवे.