उभी बाटली, आडवी बाटली

पोलंडमध्ये वोडका आणि बिअरचे अगदी साधे, स्वस्त बार असतात. गल्ल्यापाशी उभं राहून छोटा पेला रिकामा करायचा, सोबत खारवलेला हेरिंग मासा, आणि चालू लागायचं. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळचं म्हणजे ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’. जाळीची खिडकी, एखादं बाकडं, प्लॅस्टिकचा ग्लास, चकण्याला उकडलेलं अंडं किंवा खारे शेंगदाणे. आपण तिकडे मान वळवूनही बघत नाही. पण तिथल्या संत्र्याच्या वासाच्या नव्वद मिलीच्या बाटलीत काय भरलंय, हे कळलं की मी तरी थक्क होतो.

गोष्ट शिवारातून सुरू होते. पुणे जिल्ह्यातल्या अवसरी बुद्रुकच्या परिसरातला ऊस जवळच्या पारगावला, दत्तात्रयनगरच्या भीमाशंकर सहकारी साखर कारखान्यात जातो. कोणत्याही साखर कारखान्यात टनभर उसातून साधारण शंभर-सव्वाशे किलो साखर निघते आणि शेवटी उरते चाळीसेक किलो काळी, चिकट मळी. तिच्यात जवळपास निम्मी साखरच असते, पण कितीही उकळा, तिचे दाणे धरत नाहीत. यीस्टला दाण्यांशी देणंघेणं नाही. मळीत पाणी घालून यीस्ट सोडलं की ते साखर खातं आणि अल्कोहोल तयार होतं.

पुढचं काम डिस्टिलरीतल्या उंच मनोऱ्यांचं. पाणी 100 अंशांना उकळतं, अल्कोहोल 78 अंशांना. मनोऱ्यात एकावर एक ताटं असतात. वाफ प्रत्येक ताटावर थोडी निवते, पुन्हा उकळते आणि वर जाताना अल्कोहोलने अधिकाधिक समृद्ध होत जाते. सुमारे 96 टक्क्यांवर मात्र ती अडते. तिथे वाफेत आणि द्रवात पाणी-अल्कोहोलचं प्रमाण सारखंच होतं. नेहमीच्या दाबाखाली मनोरा आणखी कितीही उंच करा, पुढे सरकत नाही. पोलंडच्या दुकानांत ‘स्पिरिटस’ नावाने मिळणारी बाटलीही याच उंबरठ्यावर थांबलेली, 95-96 टक्क्यांची. ‘पोलिश वोडका’ म्हणवून घ्यायला पोलंडमधलं धान्य किंवा बटाटा लागतो, देशीला मळी चालते. पण दोन्हींतला अल्कोहोलचा रेणू हुबेहूब एकच.

तोच रेणू आपल्या पेट्रोलमध्येही मिसळतात. त्यासाठी उरलेलं पाणीही काढावं लागतं, म्हणून वाफ झिओलाइटच्या मण्यांतून सोडतात. या मण्यांना सुमारे 3 अँगस्ट्रॉमची छिद्रं असतात. पाण्याचा रेणू त्यांत शिरतो आणि अडकतो, अल्कोहोलचा थोराड रेणू बाहेरूनच निघून जातो. मिलिमीटरच्या एका दशलक्षांशाहूनही लहान छिद्रांवर चालणारी ही चाळण माणसाने बनवली, याचं मला अजून नवल वाटतं.

स्वस्त असली तरी दुकानातली देशी दारू मोजूनमापून, कर भरून, सील लावून येते, आणि हे फार मोलाचं आहे. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांची नस जाळतं.

या दुकानाचा कायदाही विलक्षण आहे. दारू विकण्याचे परवाने ज्या कायद्याखाली मिळतात तो 1949 चा, आणि त्याचं नावच दारूबंदी कायदा! त्यानुसार पिणाऱ्यालाही परवाना लागतो. देशीचा एका दिवसाचा परवाना वर्षानुवर्षं 2 रुपयांना मिळत आला. ग्राहकाचं वय हवं किमान 25.

सगळ्यांत मोठी ताकद मात्र बाईच्या हातात दिली आहे. 2008 च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोनच चित्रं: उभी बाटली आणि आडवी बाटली. जिला अक्षर लागत नाही, तिलाही निकाल देता यावा इतकं हे सोपं आहे, आणि म्हणूनच मला ते अतिशय सुंदर वाटतं. पण दुकान बंद व्हायला ‘आडवी’ला निम्म्याहून जास्त मतं लागतात, तीही झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या. शेतात खुरपायला गेलेली, पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली, आजारी पडलेली, अशा प्रत्येकीचं न पडलेलं मत उभ्या बाटलीला बळ देतं. त्यामुळे गावातल्या बायकांना प्रचारापेक्षा जास्त कष्ट पडतात ते मतदार यादी हातात घेऊन एकेकीला केंद्रापर्यंत आणण्यात.