वारुळावरील दोन अळंब्या : एक तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना :
मुळशी तालुक्याच्या पूर्व भागातील चांदे, नांदे या गावांच्या दिशेने पुणे शहर विस्तारत आहे. अशा विस्तारात माळ व झाडी सपाट करताना वारुळेही नष्ट होतात. सह्याद्रीच्या परिसरात पावसाळ्यात आढळणाऱ्या टर्मिटोमायसेस या प्रजातीच्या अळंब्यांचे जीवन मात्र वारुळातील वाळवीवरच अवलंबून असते. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1942 मध्ये ही प्रजाती प्रस्थापित केली. तिच्यातील दोन खाद्य जातींची तुलना प्रस्तुत लेखात केली आहे.

साम्य :
वाळवी लाकूड व पालापाचोळा खाऊन वारुळात त्याची बाग रचते. त्यावर वाढणारी बुरशी कठीण तंतूंचे विघटन करते आणि वाळवीला अन्न मिळते. दोन्ही जातींत छत्रीखालील पापुद्रे देठापासून सुटे असतात व बीजाणूंचा ठसा गुलाबीसर उमटतो.

भेद :
टर्मिटोमायसेस हायमी ही जाती के. नटराजन यांनी 1979 मध्ये दक्षिण भारतातून नोंदविली. तिची छत्री साधारण 5 ते 10 सें.मी. रुंद असून देठावर टिकाऊ वलय असते. देठाचा मुळासारखा लांब भाग जमिनीखालील बागेपर्यंत पोहोचतो. याउलट टर्मिटोमायसेस मायक्रोकार्पसची छत्री जेमतेम 1 ते 2.5 सें.मी. असते. तिला वलय नसते आणि लांब मूळही नसते. वाळवी बागेचा अंश जमिनीवर आणून पसरते व त्यातून शेकडो अळंब्या एकाच वेळी उगवतात.

दक्षता :
क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस ही विषारी अळंबी मोठी, पांढरी व वलययुक्त असल्याने हायमीशी तिची गल्लत होऊ शकते. तिचा बीजाणू-ठसा हिरवट असतो. परंतु कोवळेपणी तिचेही पापुद्रे पांढरेच असतात. त्यामुळे केवळ रंगावरून निर्णय घेणे धोक्याचे ठरते.

निष्कर्ष :
या प्रजातीच्या बहुतेक जातींत नवी वसाहत स्थापणारी वाळवी बुरशी सोबत नेत नाही. कामकरी वाळवी बाहेरून बीजाणू आणते. म्हणून न उमललेल्या सर्वच कळ्या खुडल्यास बीजाणूंचा प्रसार खुंटतो. हायमीसाठी जमीन उकरल्यास बागेलाही इजा पोहोचते. या अळंब्यांची व्यापारी लागवड अद्याप साध्य झालेली नाही. तेव्हा काही अळंब्या उमलू देणे, मुळाशी न खणणे आणि वारूळ राखणे हाच त्यांच्या संवर्धनाचा व्यवहार्य मार्ग होय.