रायफलीला दोन पाय कधी लावावेत?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले. त्याआधी 2010 मध्ये कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत म्युनिकला जगज्जेती झाली होती. तेव्हा आपल्या भागातल्या एखाद्या मुलाने वा मुलीने नेमबाजीचा हट्ट धरला तर नवल नाही. हट्टापाठोपाठ सामानाची यादी येते आणि यादीत हमखास एक वस्तू असते, बायपॉड. म्हणजे नळीखाली बसवायचा दुपायी टेकू. कन्नडमध्ये सांगायचे तर ‘एरडु कालु’.

पालकांनी आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कुसाळे किंवा सावंत ज्या प्रकारांत खेळले त्यांत बायपॉड चालतच नाही. 10 मीटर एअर रायफल असो की 50 मीटर, रायफल पेलायची ती हातांनी आणि खांद्याने. गुडघ्यावर बसून आणि पालथे झोपून मारताना दंडाला पट्टा लावता येतो, उभ्याने तोही नाही. (पॅरा नेमबाजीत ज्यांना हाताने वजन पेलवत नाही, त्यांना मात्र स्प्रिंगचा स्टँड दिला जातो.) तेव्हा मुलांसाठी ते पैसे चांगल्या जॅकेटवर आणि सरावाच्या छऱ्यांवर खर्चावेत. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने गल्लीत एखादे निवृत्त काका असतातच. त्यांनी लाइट मशिनगनचे दोन पाय हाताळलेले असतात आणि ‘पायाशिवाय नेम कसला?’ असे ते म्हणतात. ते त्यांच्या ठिकाणी बरोबर आहेत, पण ते काम वेगळे.

मग स्पर्धेत बायपॉड लागतो कुठे? मुख्यतः ‘एफ क्लास’मध्ये. यातला ‘एफ’ जॉर्ज फार्कर्सन या कॅनेडियन नेमबाजाच्या नावावरून आला. वयाने नजर आणि हात थकलेल्यांनाही लांब पल्ल्याचा खेळ खेळता यावा, म्हणून दुर्बीण आणि टेकूची मुभा देणारा हा प्रकार त्यांनी रुजवला. म्हणजे मुळात हा आजोबांचा खेळ! आज कॅनडा, अमेरिका आणि इंग्लंडमधल्या बिझलीच्या मैदानावर तरुणही तो हिरिरीने खेळतात. पल्ला 1000 यार्डांपर्यंत असतो. अमेरिकी नियमांनुसार तेवढ्या अंतरावर दहा गुणांचे वर्तुळ फक्त 10 इंच व्यासाचे असते.

त्यातल्या ‘एफ-टीआर’ गटात रायफल .223 किंवा .308 चीच हवी, आणि दुर्बीण व बायपॉड धरून वजन सव्वाआठ किलोंच्या आत. बायपॉडच्या निवडीची सगळी गोम इथे आहे. टेकू जड घेतला तर तेवढे वजन नळीतून किंवा दस्त्यातून कमी करावे लागते. म्हणून या खेळातले बायपॉड वजनाला हलके, पण पाय फाकवून बसणारे असतात. शिकारीवर चालणारा हॅरिससारखा उभट, अरुंद बायपॉड मजबूत खराच. पण रुंद बैठकीपुढे तो डुगडुगतो.

ही रुंदी कशासाठी? रायफल डावी-उजवीकडे कलू नये म्हणून. 1000 यार्डांवर गोळी बरीच खाली पडत असल्याने नळी वर उचलून ठेवलेली असते. अशा वेळी रायफल एका अंशाने जरी कलली, तरी .308 ची गोळी सहा-सात इंच बाजूला जाते. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या पाचच इंच, म्हणजे गुण गेलाच. एक अंश डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट धक्क्याची. गोळी नळीतून सुटण्याआधीच रायफल मागे सरू लागलेली असते. ती प्रत्येक वेळी सारखीच सरली पाहिजे. म्हणून स्पर्धेच्या बायपॉडचे पाय टोकदार नसतात, घसरगाडीच्या पट्ट्यांसारखे असतात आणि सरळ मागे घसरतात. टणक सिमेंटवर ते उडतात, त्यामुळे खाली चटई घालतात. चटईबद्दलचे नियम त्या त्या स्पर्धेचे वाचून घ्यावेत. काही बायपॉडांना पुढून मागे येणारी दांडी असते. ती हलवून नेम वर-खाली, डावी-उजवीकडे जुळवता येतो. इंडोनेशियात तयार होणारा सेब जॉय-पॉड हा त्यातला प्रसिद्ध. नेम जुळवणे त्यावर फार सोपे जाते, मात्र दांडीची सवय व्हायला वेळ लागतो.

अमेरिकेत 2012 पासून चालणाऱ्या प्रिसिजन रायफल सिरीजमध्ये हे सगळे उलटे होते. तिथे कधी भिंतीवर, कधी छपरावर रायफल टेकवून घड्याळाशी शर्यत असते. तिथे झटकन उंची बदलणारे, अडथळ्यावर पक्के बसणारे आखूड पायच कामाला येतात. घसरपट्टीचा रुंद बायपॉड तिथे नेला, तर तो ठेवायला जागाच मिळायची नाही.